तलाव पुन्हा भरतो, असं मी सांगितलं होतं

गोंदियाच्या एका कॉलेजात मी एकवीस वर्षं वाणिज्य शिकवतो आहे. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं मला 'व्होलॅटिलिटी' हा शब्द मुलांना समजावून सांगता आला नाही, आणि त्यामुळे कुणाचंही काही नुकसान झालं नाही. पाठ्यपुस्तकात त्याला 'दोलायमानता' म्हटलं होतं. मुलं तो शब्द पाठ करायची, परीक्षेत लिहायची आणि पास होऊन बापाच्या राईस मिलमध्ये जाऊन बसायची.

बाजारात याच गोष्टीला साधे शब्द होते. धानाचा भाव सकाळ-संध्याकाळ बदलला की गंजातले, म्हणजे धान्यबाजारातले, व्यापारी 'मार्केट हिल रहा है' म्हणायचे आणि चहा मागवायचे. एखादा माणूस सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं बोलला तर त्याला 'सनकी' म्हणायचे आणि त्याच्याशी व्यवहार बंद करायचे. बाजार हलला तर ते हवामान, माणूस हलला तर तो दोष. हा फरक मी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता. पुढे मी तो स्वतः वापरला, एका मुलीच्या बाबतीत. तेच सांगायचं आहे.

माझं गाव पारटोली. वडसा लाइनीच्या पॅसेंजरने दोन तास, तिथून पाच किलोमीटर ऑटो मिळाला तर ऑटो. गावाला मोठा तलाव आहे. तो गावातल्या गोपीचंदभाऊंच्या खापरपणजोबांनी बांधला. तलावातून शेतांना पाणी सोडायची जी दगडी मोरी असते तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात, आणि पारटोलीचं तुडूम उघडायचा मान अजून त्याच घराकडे आहे. तुडमाला एकाखाली एक भोकं असतात. पाणी वर असलं की वरचं भोक उघडायचं, पाणी उतरलं की खालचं. कुठल्या दिवशी कितवं, हे गोपीचंदभाऊ ठरवायचे. त्यांनी मोरीच्या दगडावर चुन्याच्या रेघा ओढून ठेवल्या होत्या, वर्षावर्षाच्या. त्यांना शाळा चौथीपर्यंतची, पण त्या रेघांवरून ते मागच्या तीस वर्षांचा पाऊस सांगायचे.

आमच्या बौद्ध वस्तीच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, तलावाच्या पाटाच्या अगदी शेवटाला. त्या शेवटालाच का, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. २००२ साली पाऊस रुसला तेव्हा गोपीचंदभाऊंनी तुडूम उघडलं आणि पाणी आधी शेवटाला नेलं. वरच्या बांध्यांना तलावाचा पाझर तरी लागतो, शेवटाला काहीच लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. वरच्या शेतकऱ्यांनी, म्हणजे त्यांच्याच जातभाईंनी, त्यांना नको ते ऐकवलं. ते छत्री घेऊन तीन दिवस तुडमावर बसून राहिले. माझ्या बापाची अर्धा एकर पिकली. त्या वर्षी गावात पिकलेल्या थोड्या बांध्यांत ती एक होती.

हे मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर गोष्ट जरा बरी झाली असती.

गोपीचंदभाऊंच्या धाकट्या भावाचा मुलगा हिमांशु माझा विद्यार्थी. थंड, स्वच्छ, भांग काढलेला. वर्गात त्यानं कधी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. बी.कॉम. झाल्यावर त्यानं गोंदियात एका मेडिकल स्टोअरच्या वरच्या मजल्यावर शेअरचं ऑफिस उघडलं. एसी, दोन स्क्रीन आणि त्यांवर पळणारे हिरवे-लाल आकडे. २००७ साली ते बहुतेक हिरवेच असायचे. दसऱ्यानंतर तो माझ्याकडे पेढे घेऊन आला आणि म्हणाला की सर, गावातल्या लोकांना शेअर बाजाराची नुसतीच भीती आहे, तुम्ही येऊन एकदा दोन शब्द सांगा, तुमचं ऐकतील.

माझं ऐकतील, हे वाक्य मला तोवर कुणी ऐकवलं नव्हतं. घरीसुद्धा नाही.

समाजमंदिरात सतरंज्या टाकल्या होत्या. पन्नास-साठ माणसं होती. मी पुस्तकातली व्याख्या सुरू केली आणि पहिल्या दोन मिनिटांत पुढच्या रांगेतल्या दोघांनी तंबाखू मळायला घेतली. मग समोर बसलेल्या गोपीचंदभाऊंकडे माझं लक्ष गेलं आणि मला सुचलं. मी म्हटलं, आपला तलाव पाहा. पावसाळ्यात भरतो, मे महिन्यात तळ दिसतो. तळ दिसला म्हणून कुणी तलाव विकतो का? बाजार असाच आहे. पातळी चढते, पातळी उतरते, तलाव तिथंच राहतो, आणि पुन्हा भरतो.

तंबाखू मळणारे थांबले. मागून कुणीतरी म्हटलं, "आता समजलं ना बा." गोपीचंदभाऊ मान हलवत होते. बारा वर्षांत पहिल्यांदा मला कुणालातरी काहीतरी समजलेलं दिसलं. सभा संपल्यावर हिमांशुने मला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि त्याच सतरंजीवर अठरा जणांकडून अर्ज भरून घेतले. जिथं पेन्सिलीने फुली होती तिथं सगळ्यांनी सह्या केल्या. फुल्या बऱ्याच होत्या. कोऱ्या कागदांवरही होत्या. मी पाहिलं होतं. मला वाटलं, घरचा मुलगा आहे.

गोपीचंदभाऊंनी दोन लाख ऐंशी हजार टाकले. त्यांच्या शेताचा एक पट्टा रस्त्यात गेला होता, त्याचा मोबदला. तो पैसा चंदाचा होता. चंदा त्यांची एकुलती मुलगी, बारावी सायन्सला. तिला नागपूरला नर्सिंगची डिग्री करायची होती, चार वर्षांची. कॉलेजचं माहितीपत्रक तिनं पोस्टाने मागवलं होतं आणि वहीसारखं खाकी कव्हर घालून ठेवलं होतं. पुढच्या जुलैत पहिला हप्ता भरायचा होता. तोवर दोन ऐंशीचे चार लाख झाले तर होस्टेलचंही निघेल, असा हिशोब. हा हिशोब हिमांशुने केला आणि मी त्याच्यावर नजर टाकून बरोबर आहे म्हणालो. गुणाकार बरोबरच होता.

मीही साठ हजार टाकले. ते माझी बायको अल्काच्या पगारातले होते, म्हणजे मी ते धैर्याने टाकले.

जानेवारी २००८ मध्ये बाजाराचा आकडा एकवीस हजाराला लागला आणि दोन आठवड्यांनी कोसळला. हिमांशुच्या ऑफिसात मी गेलो तर सगळी स्क्रीन लाल. तो नेहमीसारखाच शांत होता. चार फेब्रुवारीला त्याचा फोन आला. आवाज हळू. म्हणाला, सर, तुम्ही निघून घ्या, अजून खाली जाईल असं वाटते, आणि गावाकडं काही बोलू नका, सगळे एकदम धावून आले तर पंचाईत होईल. मी त्याच दिवशी माझे काढले. साठाचे एक्कावन्न मिळाले. अल्काने नऊ हजारांचा उल्लेख त्यानंतर रोज एकदा केला.

त्याच आठवड्यात गोपीचंदभाऊंचा फोन आला. टीव्हीवर पाहिलं, म्हणाले, काय करू मास्तर? ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, पण मी एम.कॉम. झाल्यापासून मला मास्तर म्हणायचे.

मी सांगितलं, थांबा. बाजाराचा उन्हाळा आहे. आता काढलं तर तोटा पक्का होतो.

असं का सांगितलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी काढले, हे सांगितलं असतं तर समाजमंदिरातलं भाषण चुकीचं ठरलं असतं. गावातलं माझं तेवढं एकच भाषण होतं. शिवाय मला खरंच वाटत होतं की तलाव भरेल. मला फक्त माझं पाणी त्यात ठेवायचं नव्हतं.

चंदा बारावीला पंचाहत्तर टक्के घेऊन पास झाली, आणि जुलैत बाप-लेक गोंदियाला आले. मला हिमांशुने मुद्दाम बोलावून घेतलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे दोन ऐंशीचे तेव्हा एक लाख तीस उरले होते. चंदा म्हणाली, तेवढेच काढून द्या, पहिल्या वर्षाचे भरते, पुढचं पुढे पाहू. हिमांशुने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि समजावलं की आत्ता विकणं म्हणजे उभं पीक गुराला घालणं. ती म्हणाली, पीक माझं आहे. तो हसला. मग तिचा तोल गेला. तिनं टेबलावर हात आपटला, पाण्याचा ग्लास आडवा झाला, ते पाणी कीबोर्डात गेलं आणि एक स्क्रीन बंद पडली.

"माझे पैसे आहेत ना, तं दाखव ना मले," ती म्हणाली. "कायले लपवून राहिला? स्क्रीनवर दाखव. आत्ता दाखव."

खालच्या मेडिकलमधला माणूस वर येऊन पाहून गेला. गोपीचंदभाऊ उठले, मान खाली घालून हिमांशुची माफी मागू लागले. पोट्टी भडक डोक्याची आहे, मायवर गेली. हिमांशु म्हणाला, असू द्या मोठेबाबा, बहीण आहे माझी. कीबोर्ड पुसतानाही त्याचा चेहरा हलला नाही.

जिन्यात गोपीचंदभाऊंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुमचं काय म्हणणं. चंदा चार पायऱ्या खाली उभी होती, तिला ऐकू जात होतं. मी म्हटलं, वर्षभर थांबा. तिचंही वय लहान आहे, मन स्थिर नाही. जरा स्थिर होऊ द्या, मग शिकायला पाठवा.

त्यांनी मान हलवली. समाजमंदिरात हलवली होती तशीच.

नर्सिंगची जागा गेली. वर्षभराने बाजाराचा आकडा फिरून तिथंच होता, म्हणून आणखी थांबायचं ठरलं. चंदा गावातल्या अंगणवाडीत मदतीला जाऊ लागली. तिला पाहायला आलेल्या एका स्थळाने गावात चौकशी केली, तेव्हा त्यांना गोंदियाच्या ऑफिसातली ग्लासाची गोष्ट सांगण्यात आली, आणि तोवर तो ग्लास फेकून मारलेला झाला होता. स्थळ परत गेलं. गोपीचंदभाऊंच्या बायकोने, धुरपताबाईंनी, माझ्याशी बोलणं कमी केलं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या फक्त मी आलो की चहा ठेवून आत जायच्या.

गोपीचंदभाऊ मात्र वाट पाहत होते, आणि वाट पाहणं त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. ते रोज टीव्हीवर बातम्यांच्या शेवटी बाजाराचा आकडा पाहायचे आणि कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचे. २००८च्या दिवाळीला आठ-नऊ हजार. बांधीतल्या भेगा दाखवावं तसं त्यांनी मला ते पान दाखवलं. मग दहा, चौदा, सतरा. गावातल्या बाकीच्यांनी मिळेल ते घेऊन, शिव्या देऊन खाती बंद केली. ते लोक उतावळे, असं गोपीचंदभाऊंचं मत. तळ पाहून घाबरणाऱ्या माणसाच्या हातात तुडूम देऊ नये, म्हणायचे. ज्याने आयुष्यभर एका तलावाला आटताना आणि भरताना पाहिलं आहे, त्याला न भरणारा तलाव ठाऊकच नसतो. मी त्यांच्या अशाच जागेवर बोट ठेवलं होतं जिथं त्यांना शंका येणं शक्य नव्हतं. शहरातला कुणी असता तर त्यानं दर महिन्याला कागद मागितला असता. तलावाचा कागद कोण मागतो?

२०१० च्या दिवाळीत आकडा पुन्हा एकवीस हजाराला लागला. भाऊबीज झाली आणि गोपीचंदभाऊ नवीन धोतर नेसून, चंदाला घेऊन, सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला उतरले. थेट माझ्या घरी आले. अल्कासाठी धुरपताबाईंनी अनारसे दिले होते. तीन वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं पाहिलं नव्हतं. म्हणाले, "भरला ना मास्तर. तुम्ही म्हनले तसाच भरला." म्हणाले, चंदा एकवीसची झाली, तिच्यासंगतच्या पोरींची तिसरी वर्षं चालू झाली, पण काही हरकत नाही, आता होस्टेलसकट होईल. मी कपडे बदलून त्यांच्याबरोबर निघालो. वाटेत ते ऑटोवाल्याशीही बोलत होते.

हिमांशुने आधी चहा मागवला. मग बऱ्याच वेळाने प्रिंटर चालवला. कागद आठ-दहा नव्हते, साठ-सत्तर होते. शेवटच्या पानावर तळाशी शिल्लक होती: अकरा हजार चारशे रुपये.

मी पानं चाळली. चाळायला मला दोन मिनिटं लागली, कारण हे वाचायला मी शिकवतो. गोपीचंदभाऊंचे शेअर्स, बाजार पडला तेव्हा, पडलेच नव्हते. ते बाजार पडायच्या आधीपासूनच त्यांच्याकडे राहत नव्हते. सकाळी घेतलेले दुपारी विकलेले, दुपारी विकलेले संध्याकाळी पुन्हा घेतलेले, आठवड्यातून चार-चार दिवस, साडेचारशेच्या वर सौदे. प्रत्येक सौद्यावर कमिशन. बाजार चढलेल्या दिवशीही, उतरलेल्या दिवशीही. कोऱ्या कागदांवरच्या सह्या त्यासाठी होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत ज्याला एक लाख तीस म्हटलं होतं, ते त्या दिवशी प्रत्यक्षात चौऱ्याहत्तर हजार होते.

गोपीचंदभाऊंनी विचारलं, हे काय आहे. हिमांशु म्हणाला, "व्होलॅटिलिटी होती ना मोठेबाबा, दोन वर्षं. सर समजावून सांगतील तुम्हाला, त्यांच्याइतकं कोणाले जमत नाही."

आणि तिघंही माझ्याकडे पाहू लागले.

त्या वेळी एका वाक्याचं काम होतं. यानं तुमचे पैसे खाल्ले, एवढंच. मी ते वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात हिमांशुने पेन्सिल उचलली आणि एका कोऱ्या कागदावर सहज एक तारीख लिहिली. चार फेब्रुवारी, मी माझे पैसे काढल्याची. मला दिसेल अशी, बाकी कुणाला नाही. मग ती खोडून टाकली. चेहऱ्यावर राग नाही, धमकी नाही. इतक्या स्थिर मनाचा मुलगा मी दुसरा पाहिला नाही.

मी समजावून सांगितलं. तीव्र चढउतारांच्या काळात वारंवार व्यवहार करावे लागतात, त्यात खर्च वाढतो, भांडवलाचा क्षय होतो. एकही शब्द चुकीचा नव्हता. गोपीचंदभाऊंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजे पानी गेलं कुठं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "वाफ झाली समजा, भाऊ."

"वाफ होते, मास्तर," ते म्हणाले. "उन्हाळ्यात होतेच. पन सगळ्यायच्या बांधीतली होते. एकट्याच्या बांधीतली नाही होत."

चंदा या वेळी शांतपणे उठली. तिनं कागद गोळा केले, कडा टेबलावर ठोकून सरळ केल्या, पिशवीत घातले आणि बापाचा हात धरून त्याला जिना उतरवला. खाली उतरल्यावर गोपीचंदभाऊंनी मला नमस्कार केला. म्हणाले, आमच्या पायी तुमची एवढी खटपट झाली, सुट्टीचा दिवस वाया गेला. स्टेशनला मी त्यांना सोडायला जाऊ का विचारलं, तर नको म्हणाले.

दहा दिवसांनी चंदा एकटी आली. अल्का शाळेत होती. चंदाने चपला बाहेर काढल्या, आत येऊन खुर्चीवर बसली आणि पिशवीतून कागद काढले. तिनं त्या साठ-सत्तर पानांवर ओळ न् ओळ लाल पेनाने टिकमार्क केली होती. नागपूरच्या एका वकिलाला तिनं विचारलं होतं. तो म्हणाला, शेअर बाजाराच्या कार्यालयाकडे तक्रार करता येईल, पण सभेत काय सांगितलं, सह्या कशा घेतल्या, जुलैत किती शिल्लक सांगितली, हे लिहून देणारा एक शिकलेला साक्षीदार पाहिजे. तसा एकच होता.

मी कागद घेतला आणि लिहायला बसलो. मला लिहिता येतं. दीड पान झालं. सभा लिहिली, फुल्या लिहिल्या, कोरे कागद लिहिले, एक लाख तीस लिहिले. तिनं वाचलं.

"काका, तुम्ही आपले कधी काढले?"

मी म्हटलं, त्याचा इथं संबंध नाही.

"आहे," ती म्हणाली. "त्यानं तुमाले सांगतलं अन् बाबाले नाही सांगतलं, म्हंजे त्याले मालूम होतं ना. वकील म्हनते, तेच पाहिजे." मग म्हणाली, "हिमांशुनंच सांगतलं मले. मी भांडायले गेली, तं म्हने, काका हुशार, टायमावर निघाले."

म्हणजे खोडलेली तारीख शेवटी त्यानं दिलीच. ती बाहेर येऊ नये म्हणून मी गप्प बसलो होतो, आणि त्याला ती किंमत पुरेशी वाटली नव्हती.

मी तारीख सांगितली. लिहिली मात्र नाही. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या अक्षराखाली तिच्या गोल अक्षरात दोन ओळी लिहिल्या, की अमुक तारखेला यांनी स्वतःचे पैसे काढून घेतले आणि त्याच आठवड्यात वडलांना थांबायला सांगितलं. कागद माझ्याकडे फिरवला. मी सही केली. सही करताना मला जरा बरंही वाटलं, हे कबूल करतो.

"बाबाले मी सांगतलं नाही," चपला घालताना ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. त्याच्यापाशी भरोशाचे दोनच मानसं होते, एक गेला. दोन्ही गेले तं तो तुडमावर कोनाच्या आंगावर पानी सोडल, सांगता येत नाही." ते तिनं हसून म्हटलं. मग म्हणाली, "जिन्यात तुम्ही जे बोलले ते मले आयकू आलं होतं."

मी तिच्यामागे दार लावून घेतलं.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. तक्रार परत आली होती. साक्षीदाराचं निवेदन दोन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत असल्याने ग्राह्य धरता येत नाही, एकाच हस्ताक्षरात किंवा टाइप करून, शपथपत्रावर, पुन्हा सादर करावे. काका, तेवढं करून द्या, म्हणाली. मी म्हटलं, करतो. शंभराचा स्टँपपेपर मी आणलाही. कॉलेजात तेव्हा नॅकची तपासणी होती. मग परीक्षा लागल्या. मग हिमांशुने आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला देणगी दिली आणि प्राचार्यांनी मला त्याचा परिचय करून द्यायला सांगितलं. मी करून दिला. चंदाचा फोन आणखी तीनदा आला. तिसऱ्या वेळी तिनं फक्त अल्काची तब्येत विचारली. त्यानंतर आला नाही.

गोपीचंदभाऊ दर वर्षी धान कुटलं की नवीन तांदूळ पाठवत राहिले. पहिल्या वर्षी मी नको म्हणून निरोप दिला. तेव्हा त्यांनी स्वतः पोतं घेऊन येऊन विचारलं, काही चुकलं का आमचं.

२०१४च्या फेब्रुवारीत मी डोंगरगडला जायला एक्सप्रेसची वाट पाहत गोंदियाच्या फलाटावर उभा होतो. बाकावर चंदा बसलेली दिसली. पांढरी साडी, निळी किनार, पायाशी लशींचा निळा डबा. नागपूरची डिग्री राहिलीच, पण सरकारी दीड वर्षाचा कोर्स करून ती नर्सबाई झाली होती, आणि दरेकसाच्या बाजूच्या उपकेंद्रात तिची नेमणूक होती. मला पाहून उठली. "जय भीम, काका," म्हणाली. बाबा बरे आहेत, म्हणाली, गुडघे दुखतात, तरी तुडमावर जातातच. काकूंची शुगर किती आहे, विचारलं. गोळ्यांची नावं विचारली, एक गोळी जेवणाआधी घ्यायला सांगा म्हणाली. दरेकसाकडे पावसाळ्यात तीन-तीन गावं पायी करावी लागतात, ते सांगितलं. तिच्या बोलण्यात कुठंही टोक नव्हतं. तिनं एकदा तरी आवाज चढवावा, फलाटावर चार माणसांनी वळून पाहावं, असं मला मनापासून वाटत होतं. तिनं डब्याचा पट्टा नीट केला.

शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, तो कागद राहिला होता ना चंदा. आता देतो लिहून. सगळं, माझ्याच अक्षरात.

"आता कायले, काका," ती म्हणाली. "त्याची मुदत तीन वर्षांची होती. गेल्या नवंबरमधी संपली."

"अरेच्चा," मी म्हटलं.

मुदतीचा कायदा मी दुसऱ्या वर्षाला शिकवतो. नोव्हेंबर महिना मी घरात बसून मोजला होता, आणि महिना संपल्यावर चंदासाठी आणलेल्या त्याच स्टँपपेपरवर घरभाड्याचा करार केला होता. चंदाने माझ्याकडे पाहिलं. ते तिला ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. तिची लोकल आली, तिनं डबा उचलून आधी आत ठेवला, मग ती चढली, आणि खिडकीपाशी बसून शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या लेकराचा ताप हात लावून पाहू लागली.